तिघांना परवडेल असं गाव

नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा मी आष्टीच्या बसस्टँडसमोर नवऱ्याच्या दुकानात बसले होते. लोकांचे ऑनलाईन फॉर्म भरून द्यायचं त्याचं दुकान. एका म्हातारबाबांचा अंगठा मशीन घेत नव्हतं, त्या गडबडीतच त्यानं माझा ईमेल उघडला. डब्लिनच्या एका हॉस्पिटलानं मला नर्स म्हणून घेतलं होतं. पत्र त्यानं दोनदा वाचलं. म्हातारबाबांना म्हणाला, "बाबा, बसा जरा, चहा घ्या." मग माझ्याकडे वळून, "आता राहायचं कुठं ते बघू."

जायचं की नाही, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. इंग्रजीची परीक्षा मी दुसऱ्या खेपेला पास झाले होते, आणि दोन्ही वेळा अभ्यास त्यानंच घेतला होता. तिघांनी मिळून जायचं, हे आमचं पहिल्यापासून ठरलेलं. मुलगी तेव्हा पहिलीत होती.

हॉस्पिटलाजवळची भाडी माझ्या पगाराच्या बाहेरची होती. दुसऱ्या दिवसापासून नवऱ्यानं नकाशावर रेल्वेची रेघ धरली आणि शहराबाहेर सरकायला लागला. शहर जितकं मागं पडेल तितकं भाडं उतरत जायचं. "हे म्हणजे आष्टीहून कडा गावाला गेल्यासारखं," तो म्हणायचा. पुढच्या आठवड्यात, "हे नगरला गेल्यासारखं. पण लोकं जातातच की रोज नगरला." असं सरकत सरकत तो रेघेच्या टोकाला, समुद्राकाठच्या एका उपनगरात पोचला. त्याचं नाव आम्हाला नीट म्हणता येईना. तो त्याला नुसतं 'शेवटचं स्टेशन' म्हणायचा. तिथं दोन खोल्या आणि स्वयंपाकघर माझ्या पगारात बसत होतं. त्यालाही पुढं काही काम मिळालं की बाकीचा खर्च निघेल, असा त्याचा हिशेब होता.

गिऱ्हाईक नसलं की तो त्या गावातल्या रस्त्यांचे फोटो उघडायचा. मुलगी त्याच्या मांडीवर बसून बोटानं फोटो पुढं सरकवायची. दारांच्या रंगावरून ती घरं ठरवायची. "पप्पा, हे आपलं."

"आगं, ते कालच दुसऱ्याला दिलं."

"मग ह्ये."

माझ्याबरोबर पूर्वी पुण्यात काम केलेली एक केरळची नर्स तीन वर्षांपासून डब्लिनमध्ये होती. तिला मी फोन केला. आम्ही निवडलेलं गाव ऐकून ती हसली. मग तिचा आवाज गंभीर झाला. हिंदीत म्हणाली, "दीदी, भारतात बसून इथं कोणी घर देत नाही. समोर उभं राहावं लागतं. एका घराला तीस-तीस माणसं रांगेत असतात. आधीच्या घरमालकाची चिठ्ठी मागतात. आणि मूल आहे म्हटलं की दुसऱ्याला देतात. तू एकटी ये. घर मिळालं की त्यांना बोलव."

"किती दिवस लागतील?"

"मला वर्ष लागलं," ती म्हणाली. "माझा मुलगा अजून कोट्टयमलाच आहे."

तो फोन स्पीकरवर होता. नवऱ्यानं सगळं ऐकलं. दुकानात कोणी नव्हतं, तरी तो बराच वेळ कीबोर्ड पुसत बसला.

आता मुलीला कोण बघणार, हा प्रश्न आला. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेलेल्या. उरली माझी आई, वडील गेल्यापासून गावी एकटीच राहणारी. तिला विचारायला मी गावी गेले, पण तिला हे विचारणं मला जड जात होतं.

कारण माझे आई-वडील ऊसतोडीला जायचे. दिवाळीच्या सुमाराला ट्रॅक्टर भरून सगळी आळी जायची, ती गुढीपाडव्याच्या आसपास परत यायची. मी शाळेत शिकावं म्हणून मला आजीजवळ ठेवायचे. ट्रॅक्टर निघायच्या दिवशी मी धान्याच्या कणगीमागं लपून बसायचे. मी सापडले नाही तर आई जाणार नाही, असं मला वाटायचं. एका वर्षी तिनं मला शोधलंच नाही. ट्रॅक्टरचा आवाज गावाबाहेर गेल्यावर मी बाहेर आले. नर्सिंगला गेल्यावर मी एक गोष्ट मनाशी पक्की केली होती, की माझं लेकरू मी असं मागं ठेवणार नाही. आईला हे मी एकदा भांडणात सुनावलंही होतं.

आईनं माझं सगळं ऐकून घेतलं. लेकीच्या घरी राहायचं म्हणजे तिला अवघडच होतं. "जावई काय म्हणतेत?" तिनं विचारलं.

"त्यांनीच सांगितलं तुला विचारायला."

"मग येते की. माझं काय, कुठंबी एकच हाय." मग म्हणाली, "आमी सा म्हैन्यानं माघारी येत होतो, बाई. तू कवा येणार?"

"घर मिळालं की नेते तिला. पाच-सहा महिने."

ती उठून पिशवी भरायला लागली. त्या जुन्या भांडणाची आठवण तिनं काढली असती, तर मला सोपं गेलं असतं.

मुलीला मी सांगितलं, "मी आपलं घर बघायला चाललेय." यात खोटं काही नव्हतं. ती लपली नाही, रडली नाही. उलट तिनं मला बजावलं, "हिरव्या दाराचं बघ हं मम्मी."

डब्लिनला पहिले काही आठवडे हॉस्पिटलानं राहायची सोय केली. त्यानंतर घर शोधणं हेच माझं दुसरं काम झालं. ड्युटी संपली की मी कुठल्यातरी रांगेत उभी राहायचे. पुढं जोडपी, मागं विद्यार्थी. दार उघडणारा माणूस विचारायचा, कोण कोण राहणार? मी पहिल्यांदा खरं सांगितलं. मग खरं सांगायचं बंद केलं. एका घरमालकिणीला मी सरळ म्हटलं, "मला मूल नाही." तरीही तिनं घर दिलं नाही.

शेवटी मला मिळाली ती एकच खोली, आणि ती मिळाली शेवटच्याच स्टेशनाला. एका कुटुंबाच्या घरात वरच्या मजल्यावर. अट होती, पाहुणे नाहीत, मुलं नाहीत. नवऱ्यानं नकाशावरून जे गाव शोधलं होतं, तिथंच मी पोचले, पण एकटी. आम्ही फोटोत पाहिलेल्या रस्त्यानं मी रोज स्टेशनावर जायचे.

व्हिडिओ कॉलवर मुलगी पहिला प्रश्न हाच करायची, "घर सापडलं?"

"सापडतंय गं."

सहा महिने झाले. मग वर्ष झालं. मधे एकदा एक घर जवळजवळ मिळालं होतं; सहीच्या दिवशी मालकानं विकायला काढलं. आई मागं उभी राहून भाकरी थापत असायची, ती विचारायची, "जेवली का?" मुलगी आता शाळेतलं सांगायची, मैत्रिणीचं सांगायची, आजीनं केलेल्या धपाट्यांचं सांगायची. घराचं तिनं कधी विचारणं सोडलं, ते मला नेमकं आठवत नाही. ते लक्षात आलं तेव्हा बरेच दिवस उलटून गेले होते.

दोन वर्षं भरत आली तेव्हा त्याच गावात घर मिळालं. दोन खोल्या, मागं जरासं अंगण, शाळा चालत पाच मिनिटांवर. किल्ली हातात आली त्या दिवशी मी व्हिसाच्या कागदांना लागले. कागद झाले, तशी सुट्टी काढून मी दोघांना न्यायला आष्टीला आले.

मुलगी दारात उभी होती. उंच झाली होती. मी तिला जवळ घेतलं, तर तिनं घेऊ दिलं. मग ती आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, "तुम्ही चहा घेणार का?"

मी आईकडे पाहिलं. आईनं तोंड फिरवलं.

"मला 'तुम्ही' कामून म्हणतीस?" मी हसत विचारायचा प्रयत्न केला.

ती गोंधळली. तिचं काही चुकलं असं तिला वाटलं. "पाहुण्यांना म्हणायचं असतं," ती म्हणाली.

तीन आठवडे मी होते. फोटो दाखवले, खोली दाखवली, शाळेचा गणवेश दाखवला. ती मन लावून बघायची आणि आजीजवळ जाऊन झोपायची. जायचं म्हटलं की तिच्या पोटात दुखायचं. मी नर्स आहे, कुठलं दुखणं खरं असतं ते मला कळतं. तिचं खरं होतं.

एका दुपारी नवरा दुकानातून लवकर आला. म्हणाला, "ओढून नेऊ आपण. न्यायला काय, दोन दिवस रडंल. पण तू तिकडं ड्युटीवर, मी कामाच्या शोधात. तिला आजी पाहिजे. आजीला तिथं नेता येत न्हाई, मी नियम सगळे वाचलेत."

"मग मी माघारी येऊ का?"

 आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन याच पगारावर ठरलं होतं, मुलीची शाळाही त्यावरच चालली होती. ते त्यालाही माहीत होतं, मलाही. "एवढ्यात नको," तो हळूच म्हणाला, आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर रडला.

निघताना मुलीनं वाकून नमस्कार केला.

परत आल्यावर महिनाभर मी त्या घरात एकटी राहिले. मग मालकाला कळवलं की मला सोडायचंय. दुसऱ्याच दिवशी पंजाबकडचं एक जोडपं दोन लहान मुली घेऊन बघायला आलं. किल्ली माझ्याकडे होती, म्हणून दाखवायलाही मीच होते. मुली खोल्यांतून धावत सुटल्या. त्या बाईनं मला विचारलं, "दीदी, इथली शाळा कशी आहे?"

मी सांगितलं. कुठल्या फाटकातून आत जायचं, पहिलीच्या बाई कोण, डबा कुठं बसून खातात, पावसात मुलांना कुठं थांबवतात. ती भराभर फोनमध्ये लिहून घेत होती. लिहिता लिहिता तिनं वर पाहिलं आणि विचारलं, "तुमचं मूल कितवीत आहे तिथं?"

मी म्हटलं, "तिसरीत." शाळा कुठली, ते मी सांगितलं नाही.