तू नसलास तरी दे

देवावरचा माझा विश्वास डळमळला तो आमच्या लेकीमुळे. आधी हेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सरळ होईल. सई भौतिकशास्त्रात संशोधन करते, विश्वाची सुरुवात हा तिचा विषय. लालबागला आमची चाळ पाडून टॉवर झाला, तिथल्या स्वयंपाकघरात गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी कोथिंबीर निवडत बसले होते. सहज विचारलं, "अगं, पण हे सगळं सुरू केलं कोणी?" ती म्हणाली, "आई, वेळच तिथून सुरू होते, असं आमच्यातले बरेच जण मानतात. मग त्याच्या आधी कोणी होतं का, हा प्रश्नच उरत नाही. कोणी करायची गरज लागत नाही." मी म्हटलं, बरं, मग ते तुमचे नियम कोणी केले? "माहीत नाही. पण माहीत नाही तिथे देव बसवायचा नाही आई. उद्या कळलं की त्याला तिथून उठावं लागतं." हे बाहेरच्या खोलीतून ओरडले, "माझा बाप्पा पाटावर बसतो! त्याला उठवून दाखव!" आम्ही तिघंही हसलो.

हसले खरी, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. मी दादरच्या शाळेत गणित शिकवलेलं, त्यामुळे समोरच्याचं बरोबर असलं की मला कळतं, हीच पंचाईत. सकाळी देवापुढे दिवा लावायचे आणि मनात यायचं, ह्या देवाने काहीच केलेलं नसेल तर मी बोलतेय कोणाशी? हात जोडलेले, आणि मन भलतीकडेच. आणि आषाढात ह्यांना अर्धांगाचा झटका आला.

जीव वाचला, पायही हळूहळू चालू लागला, पण वाचा गेली. ह्यांची वाचा म्हणजे काय, ते आमच्या गल्लीत कोणालाही विचारा. गणपतीत मंडळाच्या माईकवर बसून हरवलेल्या पोरांची नावं पुकारायचं काम वर्षानुवर्षं ह्यांचं. आवाज असा की हरवलेलं पोर सोडाच, न हरवलेलंही धावत यायचं. त्या माणसाला आता पाणी हवं असलं की तोंडातून 'चप्पल' निघायचं. समजायचं सगळं, शब्द मात्र भलताच. एकदा भेटायला आलेले एक गृहस्थ ते ऐकून फिस्सकन हसले. मेल्यांना जीभ दिलीय देवाने, अक्कल द्यायला विसरला! त्या दिवसापासून ह्यांनी तोंडच मिटून घेतलं. वाचा शिकवायला येणाऱ्या बाई सांगून थकल्या, काका, हे पहिले काही महिने फार मोलाचे आहेत, प्रयत्न केलात तर बरंच परत येईल, नाही केलात तर अवघड होत जाईल. हे भिंतीकडे तोंड करून पडायचे. मी देवापाशी बसायचे, पण मागणं ओठांवर येईना. ज्याच्यावर शंका घेतली त्याच्याकडे कोणत्या तोंडाने मागायचं?

अशातच भाद्रपद आला. ह्यांचं गाव मालवणाकडचं. तिकडे घरच्या गणपतीची पूजा-आरती झाली की गाऱ्हाणं घालतात. घरातल्या एकाने देवासमोर उभं राहून, मोठ्याने, सगळ्यांच्या वतीने त्याच्याशी बोलायचं आणि दर वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. सासरे गिरणीत होते, ते गेल्यापासून गाऱ्हाणं ह्यांचंच. शेजारपाजारचे खास ऐकायला यायचे. त्या वर्षी मान माझ्या दिरांचा. भावोजी भोईवाड्याहून जाऊबाईंना घेऊन आले, आरती झाली, आणि भावोजी पुढे सरकणार इतक्यात ह्यांनी खुर्चीतून डावा हात उचलला आणि बोट दाखवलं. सईकडे.

ती पांढरीफटक. "बाबा, मी नाही. माझा विश्वास नाही तर मी खोटं कसं बोलू?" ह्यांचं बोट काही खाली येईना. शेवटी भावोजी म्हणाले, "गो, देवासमोर खोटा बोलूचाच नाय. मनात आसा ता सांग. मी हय उभो आसंय, घाबरतंस कित्याक?"

सई उभी राहिली. सुरुवात तिला पाठ होती, लहानपणापासून ऐकलेली. "बा देवा गणपती म्हाराजा..." आम्ही म्हटलं, व्हय म्हाराजा. "आज तुझी सेवा केली, काय चुकलं-माकलं असेल तर पोटात घाल म्हाराजा..." व्हय म्हाराजा. मग ती थांबली. मोदकांची वाफ विरून चालली होती आणि कोणी हलत नव्हतं. आणि ही कार्टी म्हणते, "तुझ्यासमोर खोटं बोलायचं नाही म्हणतात, म्हणून सांगते. हे विश्व व्हायला तुझी गरज लागली नाही, असं माझं गणित सांगतं म्हाराजा."

ह्याला 'व्हय' म्हणणार कोण? जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला. मी सईकडे असे डोळे वटारले की काय सांगू. भावोजी छताकडे बघायला लागले. आणि खुर्चीतून आवाज आला, जड पण स्वच्छ, "व्हय म्हाराजा."

मला वाटलं, भास झाला. सईने वळून पाहिलं. ह्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावरच इतकं आश्चर्य होतं की विचारू नका. तिचा आवाज फुटला, पण पोरगी थांबली नाही. "पण माझ्या बाबांना तुझी गरज आहे म्हाराजा!" व्हय म्हाराजा, आम्ही सगळे, आणि त्यात हे. "त्यांचे शब्द त्यांना परत दे. तू असलास तर दे, आणि तू नसलास तरी दे म्हाराजा!" त्यावर जो 'व्हय म्हाराजा' झाला, तो खालच्या मजल्यावर ऐकू गेला असं नंतर कळलं. मी मात्र म्हणू शकले नाही, मी हमसून रडत होते.

वाचा शिकवणाऱ्या बाईंना सांगितलं तर त्यांना फारसं नवल वाटलं नाही. लहानपणापासून घोकलेलं बोलणं, आरत्या, शिव्यासुद्धा, अशा आजारातही पुष्कळदा शाबूत राहतात म्हणाल्या. मेंदूत त्यांची वाट वेगळी असते. सईनेही मला तेच नीट समजावलं, आणि मला ते पूर्ण पटलं. मी चमत्कार म्हणत नाही. पण भिंतीकडे वळलेला माणूस त्या दिवशी आमच्याकडे वळला. दुसऱ्या दिवसापासून अभ्यासाला बसले, त्या दोन शब्दांपासूनच बाईंनी सुरुवात केली. कसं घडलं ते मला कळलं, म्हणून मी हात जोडायचं थांबवलं नाही. उलट आता जास्त सहज जोडले जातात. विश्व कोणी केलं हे ठरल्याशिवाय मी कोणाशी बोलणार नाही, असा माझा हट्ट होता, तो आपोआप सुटला. लेकीने नाही का, असण्या-नसण्याचा निकाल न लावताच मागून टाकलं? मला आयुष्यभर पूजा करून ते जमलं नव्हतं.

आता हे छोटी वाक्यं बोलतात. पाण्याला अजून कधीकधी चप्पल म्हणतात आणि स्वतःच हसतात. सईचं मत काही बदललेलं नाही, आणि मीही बदलायला गेले नाही. यंदा गणपतीला गाऱ्हाणं घालायला हे स्वतः उभे राहिले, एका हाताने माझा खांदा धरून. "बा देवा... म्हाराजा..." इतकं नीट आलं. मग म्हणाले, "माझ्या... ह्या पोरीला..." आणि शब्द अडला. ओठ हलत होते, डोळे भरले होते, पुढचं काही येईना. तेवढ्यात वाक्य पुरं व्हायची वाट न बघता, सगळ्यांच्या आधी, सई ओरडली, "व्हय म्हाराजा!"

तिच्यासाठी त्यांना काय मागायचं होतं, ते आम्ही विचारलं नाही. ज्याला कळायचं त्याला कळलं असेल. मी मोदकांवरचं झाकण काढलं आणि पानं वाढायला घेतली.