पोरीचा माळ

चांद्याच्या शिवारात धनगरांनी जी नावं ठेवली, त्यांत डोकं चालवल्याची खूण औषधालाही सापडायची नाही. उंबर होता तो उंबराचा वढा. ज्या भातखाचरात बैल मेला ती बैलखाच. आणि तुकाबाईचा नवरा कुशाबा म्हणजे तर कळसच! मेंढरं बसवायला नवी जागा घेतली की समोर दिसेल ते नाव ठेवून मोकळा. एकदा दोन काळे दगड दिसले, झालं, जागेचं नाव 'दोन दगड'.

"आन तिसरा निघाला मंग?" तुकाबाईनं विचारलं होतं.

"मंग बगू," म्हणाला शहाणा.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी एका उंच माळावर, मेंढरांच्या वाड्यातच ती बाळंत झाली. मुलगी. नवव्या दिवशी गेली. बारसं बाराव्याला, म्हणजे पोरीला नावसुद्धा मिळालं नाही. कुशाबानं तिथंच तिला पुरलं, वर एक पांढरा दगड ठेवला आणि त्या जागेला म्हणायला लागला 'पोरीचा माळ'. होतं ते ठेवलं, नेहमीसारखं.

तुकाबाईच्या काळजावरून मात्र दर खेपेला सुरी फिरायची. एक दिवस तो म्हणाला, "चल, पोरीच्या माळावर जाऊ," आणि ती भर वाटेत बसून ऊर बडवून रडली. "आजपासनं ह्ये नाव कुनी घ्यायचं न्हाई. घ्याल तर माजं मेलेलं त्वांड बगाल!"

अशी शपथ म्हणजे काय चेष्टा नव्हे. कुशाबानं ते नाव टाकलं. त्याचा धाकटा भाऊ बहिरू तेव्हा विशीतला, त्यानंही टाकलं. माळ उंचावर म्हणून सगळे 'वरचा माळ' म्हणू लागले. पंचेचाळीस वर्षं सरली. कुशाबा गेला. गेल्या साली शहरातल्या लोकांसाठी झालेल्या नव्या सोसायटीच्या रस्त्यासाठी माळ कापला, त्यात पांढरा दगडही गेला. वरचा म्हणायला वर काही राहिलंच नाही.

आता पंचायतीनं जागोजाग पाट्या लावायच्या ठरवल्या. शुक्रवारी सकाळी देवळात म्हाताऱ्यांनी जुनी नावं सांगायची होती. दगड गेला, बाप गेला. तुकाबाईच्या लेकराला ह्या जगात एकच नाव होतं, तेही तिनंच गाडलं होतं. आपली शपथ आपणच मोडायची, असं तिनं ठरवलं. चार दिवस ती मेंढरांमागं फिरत ते दोन शब्द पुटपुटत होती. जीभ वळत नव्हती बघा.

शुक्रवारी पंचायतीतली समीक्षा वही घेऊन बसली. उंबराचा वढा झाला, बैलखाच झाली. मग तिनं विचारलं, "आजी, सोसायटीच्या खालचा तो माळ? त्याला काय लिहू?"

तुकाबाईनं तोंड उघडलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. शब्द काही फुटेना.

बहिरूनं ते बघितलं आणि म्हातारा लगबगीनं पुढं सरकला. "वरचा माळ! लिव्ह बाय, वरचा माळ. समद्यांना ठावं हाय."

समद्यांनी माना डोलावल्या. समीक्षानं लिहिलं.

बहिरू तिच्याजवळ वाकला. "वैनी, भ्यायचं न्हाई. म्या जित्ता हाय तवर त्ये नाव कुनाच्या तोंडात येऊ देनार न्हाई." त्याचेही डोळे भरले होते. तिच्या जिवासाठी ह्या माणसानं पंचेचाळीस वर्षं जीभ दाताखाली धरली होती. त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं, की भावजी, तुमी आज माज्या लेकीला परत पुरलंत?

"लई उपकार झालं, भावजी," ती म्हणाली.

महिन्याभरात पाटी लागली. तुकाबाईला वाचता येत नव्हतं. ती बराच वेळ तिथं उभी राहिली, तेव्हा सोसायटीतली जुईली फिरायला आली होती. तुकाबाईनं तिला विचारलं, "काय लिव्हलंय गं?"

"वरचा माळ." जुईलीनं इकडं तिकडं बघितलं. "पण आजी, हा तर रस्त्याच्याही खाली आहे. वरचा का म्हणतात?"

तुकाबाईच्या ओठांवर आलं होतं. पण चार पावलांवर बहिरू काठी टेकून मेंढरं राखत बसला होता, आणि त्याचे कान अजून चांगले होते.

"असंच ठेवलंय, बाय," ती म्हणाली.