अकरा चुकांच्या अकरा छड्या

मी रागीट माणूस. आजही आहे, फक्त आता हात उचलावा असं समोर कोणी उरलेलं नाही आणि खांदाही दुखतो. तेवीस-चोवीसचा होतो तेव्हा तोंडाआधी माझा हात चालायचा. पाथर्डी तालुक्यातल्या एका हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर म्हणून लागलो, दुष्काळाच्या आदल्या वर्षी. पहिल्याच आठवड्यात नववीच्या एका पोराच्या कानाखाली अशी वाजवली की त्याची टोपी खिडकीतून बाहेर पडली. वर्ग हसला. हेडमास्तर व्हरांड्यातून बघून पुढे गेले. मला वाटलं, चला, जम बसला.

त्या शाळेत छडीची पाळी असायची. ही पद्धत माझ्या आधीपासूनची, पण मला ती भलतीच आवडली. दर सोमवारी हजेरीच्या क्रमानं एकेका मुलानं किंवा मुलीनं ओढ्याकाठच्या निरगुडीची नवी छडी तोडून आणायची, साल काढून गुळगुळीत करायची, आणि टेबलावर ठेवून म्हणायचं, "सर, छडी." बारीक आणली तर पहिली चव आणणाऱ्यालाच. म्हणून पोरं चांगली जाडजूड आणायची. कुणाकुणाचे आईबापच निवडून द्यायचे. एक म्हातारा तर स्वतः छडी घेऊन शाळेत आला होता. "मास्तर, ही मोडायची न्हाई बगा," असं म्हणाला आणि मला नमस्कार करून गेला.

आणि मारायला मला कारण काय? तर इंग्रजी सर्वनामं. आज सांगतानाही शरम वाटते, पण त्या दिवसांत माझं सगळं डोकं तिथंच फिरायचं. आपल्याकडे बाप म्हणजे 'ते' आणि आई म्हणजे 'ती'. आईला कोण अहो-जाहो करतं? पोरं हेच उचलून इंग्रजीत न्यायची. आई 'शी', इथपर्यंत ठीक. पण बापाला 'ही' म्हणायला त्यांची जीभ रेटायची नाही. एकेरी कसं म्हणायचं बापाला? म्हणून "माय फादर इज अ फार्मर. दे गो टू द फील्ड." साठातल्या पन्नास वह्यांत हेच. मी फळ्यावर तक्ता लिहिला, 'ही, हिज, हिम. दे, देअर, देम', रोज घोकून घेतला. टेबलावर छडी आपटून ओरडायचो, "एक माणूस म्हणजे 'ही'! मग तो बाप असो, कलेक्टर असो, नाहीतर देव असो!" तरी दुसऱ्या दिवशी वहीत पुन्हा 'दे'. मग पारा चढायचा. "दे? किती बाप आहेत रे तुला?" असं मी भर वर्गात विचारायचो. पोरं खाली मान घालून हात पुढे करायची. एका चुकीला एक छडी हा हिशोब चुकायचा नाही.

पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. दोन वेण्या, लाल रिबिनी, वहीला वर्तमानपत्राचं कव्हर. गावापासून कोसभर लांबच्या वस्तीवरून चालत यायची. हुशार होती, पण 'दे' तिचंही सुटत नव्हतं. तिचा सख्खा चुलतभाऊ त्याच वर्गात, शेवटच्या बाकावर. तिचा बाप गावात वजन राखून असलेला माणूस. देवळात पोथी वाचायचा, आवाज गोड, कपाळाला बुक्का. मी रस्त्यात दिसलो की दोन्ही हात जोडायचा. "मास्तर, पोरीकडं लक्ष असू द्या. चुकली तर सोडू नका."

निबंधाच्या वहीवर दर शनिवारी बापाची सही आणायची हा नियम मात्र माझा. बहुतेकांचे बाप अंगठा उठवायचे. तिचा बाप वळणदार अक्षरात सही करायचा. सही करण्याआधी वही पानन् पान वाचतो, असं एकदा त्यानंच मला अभिमानानं सांगितलं. "इंग्रजी तेवढं येत न्हाई," म्हणाला, "बाकी सगळं वाचतो."

एकदा तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. "सर, आसुडाला इंग्रजीत काय म्हणतात?"

मला बरं वाटलं. आपणहून शब्द विचारणारं पोरगं त्या वर्गात विरळाच. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'व्हिप' लिहून दिलं, स्पेलिंग तिच्याकडून दोनदा म्हणून घेतलं आणि शाबास म्हणालो.

पुढच्या आठवड्यात निबंध दिला, 'माय फादर'. त्या सोमवारी छडीची पाळी तिची होती. तिनं आणलेली छडी अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. सरळ, पांढरी, एकही गाठ नसलेली.

वह्या मी खोलीवर बसून तपासायचो. तपासायचो म्हणजे काय, तर लाल शाईनं 'दे' खोडून वर 'ही', 'देअर' खोडून 'हिज', 'देम' खोडून 'हिम'. डोळे तेवढेच शब्द शोधत पळायचे, तांदळातले खडे वेचावे तसे. मधलं काही दिसायचंच नाही. तिच्या वहीत अकरा सापडले. मी खाली 'अकरा चुका' असं लिहिलं आणि पुढची वही ओढली.

दुसऱ्या दिवशी वर्गात तिला अकरा छड्या मारल्या. मुलींना पाठीवर मारायचं नाही, म्हणून तळहातावर, एक उजव्या, एक डाव्या. सातव्या छडीला तिनं माझ्याकडे बघितलं. रडत नव्हती. कशाची तरी वाट बघत असल्यासारखी बघत होती. मला वाटलं पोरगी मस्ती दाखवतेय, म्हणून उरलेल्या चार जरा जोरात बसल्या. तळहात सुजून लाल झाले होते. छे, लालच नाही, उजव्या हाताला बोटांच्या मुळाशी कातडी फाटली होती.

मग मी ठरवलं की हाच निबंध सगळ्या वर्गाला शिकवायचा. एकाच निबंधात इतके 'दे' दुसरीकडे कुठे मिळणार? तिची वही घेतली आणि दुरुस्त केलेली काही वाक्यं फळ्यावर उतरवली. उतरवतानाही, आई शप्पथ सांगतो, माझं लक्ष 'ही' आणि 'हिम' यांच्या पलीकडे गेलं नाही. आमची शिकवायची रीत अशी की मी इंग्रजी वाक्यावर छडी ठेवायची आणि साठ पोरांनी एका सुरात त्याचं मराठी करायचं. मीही तसाच शिकलो होतो.

पहिल्या वाक्यावर छडी ठेवली. वर्ग म्हणाला, "माझे वडील शेतकरी आहेत."

"त्यांच्याकडे दोन बैल आहेत."

"ते बैलांना मारत नाहीत."

"ते माझ्या आईला आसुडानं मारतात."

सूर जरा ढिला पडला. पण पोरांना थांबायची सवय नव्हती, छडी पुढे सरकली की बोलायचं. आणि माझी छडी सरकली. का सरकली ते मला आजवर कळलेलं नाही. हाताला सवय होती, एवढंच.

"काल त्यांनी तिला विहिरीपर्यंत ओढत नेलं."

"ते म्हणतात, एक दिवस तुला आत टाकीन."

"सर, कृपा करून त्यांना सांगा."

साठ तोंडांनी मला सांगितलं, सर, त्यांना सांगा. शेवटच्या वाक्यातला 'देम' मी खोडला होता, वर 'हिम' लिहिलं होतं. पोरीनं मला हाक मारली होती. बापाला वाचता येणार नाही अशी एकच भाषा तिच्याजवळ होती आणि ती भाषा येणारा गावात भरवशाचा माणूस एकच, मी. त्या हाकेवर मी लाल रेघा मारल्या आणि तिला फोडून काढलं. पोरांच्या माना खाली गेल्या. शेवटच्या बाकावरचा चुलतभाऊ तेवढा फळ्याकडे टक लावून बघत होता.

मी फळा पुसला. "बसा," म्हणालो, सगळे बसलेलेच होते. घंटा व्हायला अजून वेळ होता, तरी वर्गातून निघून गेलो. त्याच क्षणी तिला घेऊन हेडमास्तरांकडे जायला हवं होतं, वस्तीवर जायला हवं होतं. काहीच केलं नाही. खोलीवर जाऊन पडलो आणि मनाला सांगत राहिलो की हा त्यांच्या घरातला मामला आहे, आपण परके. भेकड होतो, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावरची तिची जागा रिकामी. चुलतभाऊ आला होता. त्याला विचारलं तर नखं कुरतडत म्हणाला, "मी काकांना सांगितलं, सर. फळ्यावर आलं हुतं ना, मला वाटलं सांगायचंच हाय. काकू पडून हाय." तो रडायला लागला. त्याला काय बोलणार! त्याच्यापेक्षा जास्त काही मला तरी कुठं कळलं होतं.

पोरीची आई जगली, हे आधीच सांगून टाकतो. वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लावण्यात मला गोडी नाही. विहिरीत तिला टाकलं नाही. डावा हात कोपरापाशी मोडला आणि एका कानानं ऐकू येणं कायमचं गेलं. पण त्या दुपारी वस्तीकडे निघालो तेव्हा यातलं मला काही माहीत नव्हतं. ती जिवंत असेल का, एवढंच डोक्यात होतं. वाटेत कुत्री असतात म्हणून टेबलावरची छडी हातात घेतली होती.

बाप अंगणात बसून बैलाच्या शिंगांना तेल लावत होता. मला बघून उठला आणि दोन्ही हात जोडले. "या मास्तर, या. अगं ए, पाणी आण." दाराच्या आत, चुलीशेजारी, त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. मोडका हात मांडीवर ठेवलेला, अर्धा चेहरा काळानिळा, कानातून गळ्यापर्यंत रक्त वाळलेलं. माझं डोकं फिरलं. पुढचं फार भराभर झालं. मी त्याच्या खांद्यावर छडी ओढली. मग पाठीवर. मग तोंडावर. शिव्या देत होतो, मला ठाऊक असलेल्या सगळ्या. तो माझ्यापेक्षा दुप्पट ताकदीचा गडी, मनात आणता तर मला तिथंच आडवा करता. पण त्यानं हात उचलला नाही. ओठ फुटला तरी उभाच.

"मारा, मास्तर," तो म्हणाला. "पोरगी चुकली की तुमी मारता. मी कधी इचारायला आलो व्हय शाळेत? बायकू चुकली म्हून मी मारली. तुमी का इचारायला आला?"

माझा राग दुप्पट झाला आणि मी पुन्हा छडी वर नेली. इतकी वर की डोक्यावरच बसली असती. डोकं फुटलं असतं, आणि मला तेच हवं होतं.

तेवढ्यात आतून मुलगी धावत आली. पाण्याचा तांब्या तिच्या हातातून पडला. ती बापाच्या आणि माझ्या मधे उभी राहिली, माझ्या हाताला लटकेल असं मला वाटलं. तसं काही केलं नाही. वर गेलेली छडी बघितली, पाय जुळवले आणि उजवा तळहात माझ्यासमोर धरला. बोटांच्या मुळाशी कालची जखम, तिच्यावर हळद लावलेली. मी मारीन म्हणून ती उभी राहिली होती. मोजायला तयार होती.

हात वरच राहिला. तिची आई आतून म्हणाली, "आता तुमी तरी नका ओ मारू." ती मला बोलत होती. नवऱ्याला नाही, मला.

मी छडी खाली टाकली. मुलीच्या मामाला मिरजगावहून बोलावून घेतलं, तिसऱ्या दिवशी दोघी मायलेकी एसटीनं त्याच्याकडे गेल्या. एवढं मी केलं, आणि ते फार उशिरा केलं. शाळा सोडल्याचा दाखला द्यायला मीच स्टँडवर गेलो. तो घेण्यासाठी मुलीनं हात पुढे केला तेव्हा आधी तळहात वर झाला, डोळे मिटले, आणि मग तिच्या लक्षात आलं की माझ्या हातात कागद आहे.