ट्रॅविसची रास

मागच्या वर्षी आमच्या हॅडली नॉच गावात वर्ना पेल्कीला ‘दगडी काळजाची बाई’ म्हणणाऱ्यांचा सुकाळ होता. आता तीच मंडळी माझ्या दुकानात कॉफी पिता पिता सांगतात की, आम्ही आधीपासून तिच्याच बाजूचे. ऐकलं की हातातली किटली आपटावीशी वाटते मला.

वर्ना म्हणजे जन्मभर शाळेची बस चालवलेली, नवरा गेलेली, मूलबाळ नसलेली आणि तोंडाची फटकळ बाई. इकडे न्यू हॅम्पशरच्या डोंगरात एकेक माणूस एकेक वाट दत्तक घेतो. केटल कड्याची वाट वर्नाची. वाटेत पडलेली झाडं कापायची, पाण्याचे चर मोकळे करायचे, आणि झाडी संपते त्याच्या वर, उघड्या खडकावर, हिवाळ्याने ढासळवलेल्या खुणेच्या राशी पुन्हा रचायच्या. धुकं उतरलं की तिथे वाट अशी उरतच नाही, उरतात त्या दगडांच्या राशी. एकीपाशी थांबायचं, पुढची दिसली तरच पाय उचलायचा, नाही दिसली तर मुकाट मागे फिरायचं. एवढं साधं आहे, पण साधं सांगितलेलं कुणाला पटतं?

शनिवारी ती वाटेच्या तोंडाशी घडीचं टेबल मांडून बसते आणि वर निघालेल्यांची झडती घेते. डोक्याला बांधायची बॅटरी घेतलीस का, वाऱ्यापावसाचं जाकीट कुठंय, कागदाचा नकाशा आहे की नुसता फोन. सुती कपड्यांवर तिचा विशेष दात. भिजलेलं सूत वाळत नाही, अंगातली ऊब शोषून घेतं, आणि आमच्या कड्यावर भर ऑगस्टमध्येही गारा पडतात. सुती सदऱ्यात कुणी ऐटीत निघाला की ती म्हणायची, “वर स्वतःच्या पायांनी जाशील बाबा, खाली येशील चौघांच्या खांद्यावरून.” लोक हसायचे. काही जण तर तिचे फोटो काढायचे.

डोरीन लाबॉन्ते तिची जिवाभावाची मैत्रीण. अग्निशमन दलाच्या शेडमध्ये शनिवारी संध्याकाळी गावजेवण असतं, त्यातली घेवड्याची हंडी वर्नाची आणि काकवीचा काळा पाव डोरीनचा, हे वर्षानुवर्षांचं ठरलेलं. डोरीनचा एकुलता एक ट्रॅविस वर्नाच्याच बसमध्ये लहानाचा मोठा झाला. पुढे तो सुतारकाम करू लागला. एका ऑक्टोबरमध्ये, आडवारी, वर्ना टेबलाशी नसताना, तो एकटाच सुती स्वेटशर्ट घालून कड्यावर गेला. नकाशा फोनमध्ये, आणि फोन गारठ्याने बंद पडला. धुक्यात कडा जिथे डावीकडे वळतो तिथे तो सरळ गेला. सरळ गेलं की खोल घळ आहे. त्याला खाली आणणाऱ्यांमध्ये वर्ना होती. स्ट्रेचरची एक बाजू तिच्या हातात होती. त्यानंतर ते चौघांच्या खांद्याचं वाक्य तिने पुन्हा काही उच्चारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात डोरीन वर गेली. घराच्या पायरीशी एक पांढरा शुभ्र गारगोटीचा दगड होता, लहानपणी ट्रॅविस त्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधायचा. तो पाठीवरच्या पिशवीत घालून तिने त्या वळणावर नेला, त्याचं पाऊल जिथे चुकलं नेमकं तिथे ठेवला, आणि भोवती चार दगड रचले. आईच ती. तिला कोण काय बोलणार?

पण चार दगडांवर भागलं असतं तर ना. येणारे-जाणारे ट्रॅविसची गोष्ट ऐकत, हळहळत आणि राशीवर आपला एक दगड ठेवत. एकाचं बघून दुसरा. कुणी पांढरा दगड काढून पुन्हा वर बसवी, फोटो काढी. बघता बघता ती रास माणसापेक्षा उंच झाली आणि वळणावरची खरी खूण तिच्यापुढे खुजी दिसू लागली. दया करायला कवडी पडत नाही, खाली वाकून दगड उचलला की झालं. धुक्यातून येणाऱ्याला पहिली कोणती रास दिसेल, हा विचार मात्र एकाही दयाळू माणसाच्या डोक्यात आला नाही.

व्हायचं तेच झालं. ऑगस्टमध्ये एक बाप आणि त्याची कॉलेजात जाणारी मुलगी धुक्यात सापडली. दोघांकडे सगळं सामान होतं, नकाशासुद्धा. त्यांनी पांढऱ्या माथ्याची उंच रास बघितली, ती दोघं खूण समजून राशीकडे गेली आणि पलीकडे घरंगळली. मुलीच्या पायाचं हाड मोडलं, बापाचा खांदा निखळला. जीव वाचला हे नशीब. त्या शनिवारच्या जेवणाला सगळं गाव म्हणालं, हवामानच वाईट होतं. राशीचं नाव कुणी काढलं नाही. ठाऊक सगळ्यांना होतं, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? घेवडा मात्र सगळ्यांनी दोनदा वाढून घेतला.

वर्ना जेवली नाही. दुसऱ्या दिवशी ती डोरीनकडे गेली. मी तिथे पीठ पोचवायला गेले होते, म्हणून माझ्या कानांनी ऐकलं.

“ती रास मी खाली झाडीत हलवते,” वर्ना म्हणाली. “तू ये बरोबर. जागा तू निवड.”

“तो शेवटचा तिथे उभा होता, वर्ना.”

“म्हणूनच तिथे आणखी कुणी उभं राहायला नको.”

डोरीनने ओट्याकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, “तुला पोर असतं ना, तर ही गोष्ट तुझ्या तोंडातून निघाली नसती.”

वर्नाने आपला कप धुतला, पालथा घातला. “उद्या मी रास उतरवणार. तुझ्या पाठीमागे करायचं नव्हतं, म्हणून सांगायला आले.”

आणि तिने उतरवली. एकटीने, दिवसभर राबून. मग काय, गावाला तोंड फुटलं. मुलीच्या मोडलेल्या पायाबद्दल ज्यांची वाचा बसली होती, तेच मेलेल्याचा अपमान झाला म्हणून तावातावाने बोलू लागले. शेडमध्ये तिच्या हंडीला कुणी डाव लावला नाही. मी वाढून घेतला तर माझ्याकडेही बघितलं गेलं. आठवड्याभरात कुणा परक्या भाविकांनी दगडांची रास पुन्हा रचली. वर्नाने पुन्हा उतरवली. त्यांनी परत रचली, तिने परत उतरवली. वर्ना रस्त्यात दिसली की डोरीन वाट बदलायची.

ऑक्टोबरात, ट्रॅविस गेला त्या दिवशी, डोरीन कुणाला न सांगता वर गेली. स्वतःच्या हाताने रास रचायची, आणि वर्ना आली तर तिच्या तोंडावर रचायची, असं मनात धरून गेली होती. वळणाजवळ पोचते तोच धुकं आलं. हे तिने नंतर मला दुकानात सांगितलं, पैसे द्यायचे विसरून, पिशवी तशीच हातात धरून.

“काही दिसेना गं. हात पुढे केला तर हात दिसेना. मग एक पांढरा ठिपका दिसला. मी ओळखला. माझ्या पायरीचा दगड. मी त्याच्याकडे चालत गेले.”

तो दगड वर्नाने खऱ्या खुणेच्या माथ्यावर बसवला होता. वळणाच्या डाव्या बाजूला, वाटेवर. उरलेले दगड तिने त्याच खुणेत रचून ती छातीएवढी केली होती. डोरीन दगडाला धरून धुकं विरेपर्यंत तिथेच बसून राहिली. धुकं विरलं तेव्हा तिला आपली जुनी जागा दिसली, आणि जागेच्या पुढे काय आहे ते दिसलं.

“दगड मी ठेवला होता तिथेच असता,” ती म्हणाली, “तर मी सरळ त्याच्याच पावलावर पाऊल टाकलं असतं.”

त्या शनिवारी वाटेच्या तोंडाशी घडीच्या टेबलामागे दोन खुर्च्या होत्या. दोघींमध्ये काय बोलणं झालं, मला ठाऊक नाही, आणि गावाने ते विचारायची हिंमत करू नये. मी थर्मास घेऊन गेले होते. एक तरुण सुती सदऱ्यात आला आणि फार प्रेमाने म्हणाला की, वर एक मुलगा गेला होता म्हणे, त्याच्या जागी दगड ठेवून येतो. वर्ना तोंड उघडणार, एवढ्यात डोरीन उठली आणि त्याच्या बाहीचं कापड चिमटीत धरून तिने चोळून बघितलं.

“एकाही दगडाला हात लावायचा नाही,” ती म्हणाली. “आणि आधी हा सदरा बदल. वर स्वतःच्या पायांनी जाशील. माझाही गेला होता.”