डोलीचा बांबू

पडवीत टांगलेला डोलीचा बांबू आज पुसायला काढला आणि हाताला जुन्या तेलाचा वास लागला. त्या वासाने मला अकरावीचा एक दिवस आठवला. महाडच्या कॉलेजचं कॅन्टीन होतं आणि सगळ्यांच्या तोंडी आदल्या संध्याकाळची सुपरहिरोची मालिका.

डोंगरावर अडकलेल्या म्हातारीला सोडून हिरो शहर वाचवायला उडाला होता.

"बरोबरच केलं," रोहन म्हणाला. "एका म्हातारीसाठी अख्खं शहर घालवायचं?"

माझ्या बोलण्याला हसतील म्हणून मी तिथे गप्पच बसायचे. त्या दिवशी मात्र तोंडून निघालंच, "नाय, चुकला तो."

"नाय?" रोहनने माझीच नक्कल केली. सगळे हसले. तरी मी बोलत राहिले.

"आमच्या डोंगरावरच्या वाडीत कुणी आजारी पडलं की घरटी एक माणूस भातलावणी सोडून डोलीला खांदा देतो. माझ्या आयेला असंच खाली आणलं. शहर वाचवलं ते ठीक हाय. पण नंतर हार घालून घेत बसला. परत डोंगरावर गेला काय तो?"

"अगं, मालिका आहे ती!" रोहन म्हणाला.

तेव्हा वाटलं, हरले. आज वाटतं, प्रश्न माझा बरोबर होता.

आता वाडीत रस्ता आलाय. शेजारचे काका मघाशी म्हणाले, "कुंपणाला दे गो तो बांबू. आता कुणाला लागतोय?"

"नाय देणार," मी म्हणाले, चांगलं मोठ्याने, आणि बांबू पुन्हा जागेवर टांगला.