दिलीपच्या जीपला नवा पाईप

काही कामं संपतात, पण त्यांचे किस्से संपत नाहीत. दिलीपच्या जीपचा सायलेन्सर पाईप आम्ही घरीच बदलायला घेतला. गॅरेजवाला दोन तासांत करून देत होता. आम्हाला तीन रविवार लागले! कंपनीत डबा खाताना मी हे इतक्यांदा सांगितलंय, की आता लोकच आठवण करून देतात, "अरे, तो तारेचा राहिला!"

दिलीप आणि मी अंबरनाथ एमआयडीसीत एकाच खात्यात. तो चामटोलीचा, शेतीवाल्या घरातला. त्यानं जुनी फोर-बाय-फोर जीप घेतली आणि दर सुट्टीला आम्ही ती नदीच्या पात्रात, माळावर, जिथे रस्ता नाही तिथे न्यायला लागलो. त्याच्या वडिलांना, आबांना, ते कधीच पटलं नाही.

"सरकारनं एवढा डांबरी रस्ता केलाय. तो सोडून दगडांत कशाला जाता रं?"

पुढच्या सुट्टीला आम्ही पुन्हा दगडांतच.

एकदा पाईप दगडावर आपटून मधोमध फुटला. जीप अशी गरजत अंगणात शिरली की म्हशीनं पान्हाच चोरला! आबा एवढंच म्हणाले, "पाईप बसव आन विकून टाक." वांगणीला फार्महाऊस असलेले एक साहेब घ्यायला तयारच होते. दिलीप "बरं" म्हणाला. आबांना तो आजवर कधी "नाही" म्हणालेला नाही.

तीन रविवार का लागले, ते माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

*

नवा पाईप आणायला उल्हासनगर. पण जुना तर अजून गाडीलाच! मग दिलीपनं कपडे वाळत घालायची तार सोडली, गाडीखाली झोपून पाईपाच्या वळणावळणानं ती वाकवली आणि माप तयार केलं. त्याची बायको सुनंदा ओली चादर हातात घेऊन बघतच राहिली.

दुकानातल्या सिंधी काकांनी तार हातात घेतली. चष्मा वर केला, खाली केला. "साईं, इस हिसाब से तो सारा धुआँ ड्रायवर के मुँह पे आएगा!"

दिलीपनं तार उलटी धरली होती. सुलटी केल्यावर काका आत गेले आणि बरोब्बर तसाच पाईप घेऊन आले.

"मिळाला रे," दिलीप मला म्हणाला. बदलीची ऑर्डर हातात पडल्यासारखा चेहरा.

*

दुसरा रविवार गंजलेल्या नटांचा. पाईप इंजिनाला तीन नटांनी धरलेला. जोर लावला तर तुटणार. म्हणून तेल सोडलं आणि मुरायची वाट बघत दोघंही गाडीखाली गोणपाटावर पडून राहिलो.

गाडीखालून जग वेगळंच दिसतं हो! कोंबड्यांचे नुसते पाय येतात-जातात. चिकूच्या झाडाची सावली हळूच सरकत पोटावर येते. लांब वालाच्या शेतात कुणीतरी कुणाला हाक मारतं, आणि ती हाक पोचेपर्यंत अर्धी विरून जाते. दिलीप डोळे मिटून म्हणाला, "पाण्यात उतरल्यावर ही कशी हळूच तरंगल्यासारखी होते ना?" मी हो म्हणालो. की मनातच म्हणालो, आठवत नाही.

मग सुनंदाचा आवाज. "भावजी, दुरुस्ती चाललीये का झोप?"

"तेल मुरतंय," मी म्हणालो.

तेव्हापासून त्यांच्या घरात दुपारी आडवं होण्याला 'तेल मुरणं' म्हणतात!

*

तिसऱ्या रविवारी पाईप बसला. दिलीपनं चावी फिरवली. आबा ओटीवरून ओरडले, "काय झालं? चालू होत नाय?"

"चालूच आहे, आबा!"

आबा उठून आले. बॉनेटवर तळवा ठेवून इंजिनाची थरथर चाचपली. दिलीप चाचरत म्हणाला, "बसता का? टेस्ट घेऊ."

"मी कशाला?" म्हणत आबा आत गेले आणि टोपी घालून बाहेर आले!

गुडघ्यामुळे कित्येक वर्षांत आबा वरच्या माळावर गेले नव्हते. जीप दगडांतून, वाळल्या गवतातून, डुलत डुलत चढली. वर पोचल्यावर आबांनी हात केला. "थांब."

समोर चंदेरीचा डोंगर निळसर धुक्यात. खाली आमराई, विहीर, घराची कौलं. आबा एकेक बांध बोटानं दाखवत होते. मध्येच म्हणाले, "इथं माझी आय भाकर घेऊन यायची." मग पुन्हा बोट पुढच्या बांधाकडे. दिलीपनं इंजिन कधी बंद केलं, तेही कळलं नाही.

घरी आल्यावर सुनंदानं विचारलं, "कुठे गेला होता एवढा वेळ?"

"टेस्ट घ्यायला!" आबा म्हणाले.

*

पुढच्या रविवारी सकाळीच वांगणीचे साहेब आले. आबा चहा पिऊन झाल्यापासून जीपच्या पुढच्या सीटवर बसलेले. टोपी घालून, गुडघ्यांत काठी. गाडी अजून चालूच केली नव्हती.

साहेबांनी वाकून नवा पाईप बघितला. "काम एकदम फर्स्ट क्लास! मग, आजच नेऊ ना?"

दिलीप जमिनीकडे बघत होता. आबा समोर बघत म्हणाले, "आज नाय जमायचं. पाईप गरम हाय."

साहेबांनी हात लावला. पाईपवर दव होतं.

"आबा, हा तर गार आहे!"

"वरनं गार लागतो," आबा म्हणाले. "आतून गरम हाय."