डॉल्फिन ऐकणारे साडू

सांगली जिल्ह्याला समुद्र नाही ही निसर्गाची किरकोळ नजरचूक आहे, असं मानणारा अख्ख्या जिल्ह्यात एकच माणूस आहे आणि तो नेमका आमच्या मेहुणीला मिळाला. आमचे हे साडू पूर्वेकडच्या कोरड्या भागातले, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणाऱ्या घरातले. वर्षातले आठ महिने ते कोकणात होडीत बसून, पाण्यात माईक सोडून डॉल्फिन एकमेकांशी काय बोलतात ते ऐकतात. पावसाळ्यात होड्या बंद झाल्या की इस्लामपुरात आमच्याकडे मुक्काम टाकतात आणि आम्ही काय बोलतो ते ऐकतात. पुतण्याच्या लग्नात डोळे मिटून बसलेले पाहून मला वाटलं, झोपले बिचारे. नंतर ते माझ्या बायकोला कौतुकानं म्हणाले, "तुम्ही चौघी बहिणी बावीस मिनिटं एकदम बोललात, कुणी कुणाचं ऐकलं नाही, तरी सगळ्यांना सगळं कळलं. डॉल्फिनसुद्धा इतकं करत नाहीत." चौघींनी चार दिवस अबोला धरला. साडूंनी त्याचीही नोंद केली.

एकदा नवा माईक तपासायला त्यांनी तो आमच्या विहिरीत सोडला. कानाला हेडफोन लावून काठावर बसलेला माणूस आमच्या गल्लीत लपून कसा राहणार? घटकाभरात पंधरा माणसं जमली. शेजारचे पाटील हळूच पुढे सरकले आणि म्हणाले, "पावणं, आमच्या बोअरचं पाणी ह्येंच्या हिरीत जातंय का, तेवढं बघा की ऐकून!" तेव्हापासून पाटील मला पाणीचोर समजतात. साडू गेले कोकणात, निस्तरतोय मी.

काही डॉल्फिनची म्हणे स्वतःची वेगळी शिट्टी असते, नावासारखी. साडूंनी मग बायकोसाठीही एक शिट्टी बसवली. भर बाजारात मेथीच्या ढिगापाशी उभे राहून ती वाजवली, तर हवालदारानं हटकलं, "कुणाला शिट्टी मारताय?"

"बायकोला."

"कुणाच्या?"

मेहुणी धावत आली म्हणून निभावलं. अशा माणसाची थट्टा करायला मला कधी कंटाळा येत नाही. पण एका गोष्टीवरून मी त्यांना छेडत नसे. कळप मोडून मुलगा समुद्रावर गेला तेव्हापासून त्यांचे वडील, आबा, त्यांच्याशी बोलत नव्हते. साडू गावी गेले की आबा स्वतःच्या बायकोला सांगायचे, "त्याला म्हणावं, जेव." जगभरच्या अबोल जिवांचं बोलणं लिहून घेणारा हा माणूस बापाच्या एका शब्दासाठी आसुसला होता. एकदा तसं मला म्हणाले आणि लगेच उठून बाहेर गेले.

गेल्या पावसाळ्यात आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन इस्लामपुरात झालं आणि ते आमच्याकडे राहिले. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा आधीच अधू. साडू समोरच लॅपटॉप घेऊन बसलेले आणि दोघंही मुके. मला ते सहन होईना. मी म्हणालो, "लावा की तुमचं ते रेकॉर्डिंग, हेडफोन काढून." ते नको नको म्हणत होते, मीच बटण दाबलं. खोलीभर चिवचिव, शिट्ट्या, करकर सुरू झाली. आबांनी मान तिरकी केली.

"पाच हायती," आबा म्हणाले. "एक लेकुरवाळी हाय. पिल्लू मागं ऱ्हायलंय, तिला घोर लागलाय."

साडूंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. संगणकाला जुंपून पाच हा आकडा काढायला त्यांना तीन महिने लागले होते आणि मागे राहिलेलं पिल्लू तर त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

"आबा, कशावरनं वळखलं?" त्यांनी घाबरत विचारलं.

"मेंढरू काय येगळं वरडतंय व्हय रं?" आबा थेट त्यांनाच म्हणाले. पुन्हा थोडा वेळ ऐकत राहिले. मग काळजीच्या सुरात विचारलं, "ह्यांच्या मागं राखणीला कोण असतंय?"

"कुणीच न्हाई, आबा."

"मग तू ऱ्हा."

साडूंनी जोरजोरात मान हलवली. पट्टीआडच्या माणसाला ती दिसणार नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. शेवटी मीच म्हणालो, "आबा, हो म्हणतोय तो."